जंतांची भाऊबंदकी



वसंतातल्या व्याख्यानमालेत श्रोत्यांची अपेक्षा काव्याची, इतिहासाची, फार तर अर्थकारणाची असते. मी आज जंतांवर बोलणार आहे. त्यातही त्यांच्या जोड्या कशा जमतात, आणि एका जातीचा नर दुसऱ्या जातीच्या नराची मादी कशी ओढून नेतो, यावर बोलणार आहे. विषय ऐकून कोणी नाक मुरडले तर माझी तक्रार नाही. मात्र हा विषय आपल्या पाणवठ्यापासून, गोठ्यापासून आणि पाण्यात उभे राहून पोट भरणाऱ्या माणसांपासून दूर नाही, एवढे शेवटी आपल्याला पटेल अशी मला आशा आहे.

मी प्राणिशास्त्राचा पदवीधर नाही. शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कामगारांच्या बैठकींत झाले. हमाल, जिनिंगमधले कामगार, शेतमजूर यांची संघटना बांधणे हे माझे काम. या कामात एक गाऱ्हाणे पुन्हा पुन्हा कानावर येई. तळ्यात शिंगाडे काढणारे, मासे धरणारे, पाटचाऱ्यांतले गवत उपसणारे मजूर सांगत की, पाण्यातून बाहेर आल्यावर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आग होते, खाज सुटते, बारीक लाल पुटकुळ्या येतात आणि काही दिवसांनी त्या आपोआप जातात. कोणी पाण्याला दोष देई, कोणी गवताला. या खाजेची कारणे अनेक असू शकतात. पण त्यांतले एक पक्के कारण म्हणजे गुरांच्या रक्तात राहणारा एक जंत. त्याच्यामागे लागून मी जे वाचले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

या जंताला शास्त्रज्ञ शिस्टोसोम म्हणतात. यकृतातला चपटा जंत आपल्याकडच्या शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्यांना ठाऊक आहे. त्याच्याच कुळातला हा, पण राहतो रक्तवाहिन्यांत. लांबी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर, जाडी दोऱ्याएवढी. १८५१ साली कैरोच्या इस्पितळात थिओडोर बिल्हार्झ या तरुण जर्मन डॉक्टराला शवविच्छेदन करताना तो प्रथम सापडला. बिल्हार्झला तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. जंत एकेकटे नव्हते. एक रुंद जंत आपल्या अंगाच्या दोन्ही कडा आत वळवून पन्हळीसारखी खोबण करी, आणि त्या खोबणीत दुसरा, बारीक व लांब जंत पडून असे. रुंद तो नर, बारीक ती मादी. या खोबणीवरूनच पुढे ग्रीक भाषेतून ‘चिरलेल्या अंगाचा’ अशा अर्थाचे शिस्टोसोम हे नाव पडले.

आता याचा जीवनक्रम थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. मादी रक्तवाहिनीत अंडी घालते. ती शिरेची भिंत भेदून शेणातून, मुतातून किंवा नाकाच्या शेंबडातून बाहेर पडतात. पाण्यात पडली की अंडे फुटते आणि त्यातून निघालेली अळी पाण्यातली गोगलगाय शोधते. योग्य जातीची गोगलगाय वेळेत मिळाली तर ठीक, नाहीतर ती मरते. गोगलगाईच्या अंगात एका अळीच्या हजारो अळ्या होतात, आणि विशेष असे की एका अळीपासून झालेल्या त्या साऱ्या एकाच लिंगाच्या असतात. सर्व नर किंवा सर्व माद्या. या नव्या अळ्यांची शेपटी दुभंगलेली असते. त्या पाण्यात उतरतात, एकदोन दिवस जगतात, आणि तेवढ्यात एखाद्या जनावराची वा माणसाची कातडी लागली तर काही मिनिटांत तीत शिरतात. तेथून फुप्फुसांवाटे यकृताच्या शिरांत पोचून मोठ्या होतात.

येथे जोडीचा प्रश्न उभा राहतो. या कुळातले बहुतेक चपटे जंत उभयलिंगी असतात. यकृतातल्या जंताला नर वेगळा शोधावा लागत नाही. शिस्टोसोमात मात्र नर निराळा, मादी निराळी. आणि मादीची गोष्ट अशी की नराच्या खोबणीत शिरल्यावाचून ती वयात येतच नाही. एकटी मादी वर्षानुवर्षे खुरटी राहते. तिची अंडाशये वाढत नाहीत. २०२२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी याचे एक कारण शोधून काढले. मादीचा स्पर्श झाला की नर एक लहानसे रसायन तयार करतो आणि त्या रसायनाने मादीची वाढ सुरू होते. प्रयोगशाळेच्या बशीत नुसते ते रसायन दिले तरी नरावाचून मादी अंडी घालू लागते. म्हणजे तिला जागे करणारी गोष्ट नराचे बीज नसून त्याने दिलेली खूण आहे.

एवढ्यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. एक, नर बळकट, स्नायूंचा. रक्ताच्या प्रवाहाविरुद्ध चालत जाण्याचे काम त्याचे. तो जिकडे जाईल तिकडे मादी जाते. दोन, या जंतांत बहुधा नरांची संख्या माद्यांपेक्षा अधिक असते. त्यामुळे काही नर बिनजोडीचे राहतात, आणि ते स्वस्थ बसत नाहीत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. शिस्टोसोमाच्या वीसहून अधिक जाती आहेत. काही माणसात राहतात, काही गुराढोरांत, काही दोन्हींत. एकाच जनावरात दोन सख्ख्या जाती शिरल्या तर काय होते? आपल्याला वाटेल, अन्नासाठी झगडा होईल. पण विचार करा. चारशे किलोच्या बैलाच्या अंगात वीस-बावीस लिटर रक्त असते. दोऱ्याएवढ्या जंतांना त्याचा तुटवडा पडण्याचे कारण नाही. भाकरी भरपूर आहे. झगडा होतो तो जोडीदारावरून. कारण परक्या जातीच्या मादीला परकी म्हणून सोडून द्यावे, ही जाण या नरांना फारशी नसते. जवळची मादी दिसली की तो तिला खोबणीत घेतो. तिलाही त्या परक्या नराची खूण पोचते आणि ती वयात येते. जाती फार दूरच्या असतील तर अंडी पोकळ जातात. जवळच्या असतील तर संकर जन्माला येतो. दोन्ही प्रकारांत मूळ जातीच्या नराची मादी गेली ती गेलीच.

मग निसर्गात या जाती वेगळ्या राहिल्या कशा? याचे उत्तर आपल्याच गोठ्यात आहे. १९०६ साली कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथील प्रयोगशाळेत माँटगोमेरी यांनी हिंदुस्थानातल्या जनावरांतून या जंताच्या दोन जाती वर्णिल्या. एक स्पिंडेल, दुसरी इंडिकम. १९३३ साली मद्रास इलाख्यात एम. अनंत नारायण राव यांनी तिसरी वर्णिली. तिचे नाव नेझल. ही तिसरी बैलाच्या नाकातल्या शिरांत राहते. तिने नाकात फुलकोबीच्या गड्ड्यासारखी वाढ होते, घट्ट शेंबूड वाहतो आणि बैल जागेपणी घोरल्यासारखा श्वास घेतो. म्हशीत हाच जंत असला तरी लक्षणे बहुधा दबलेली राहतात.

या तिन्ही जातींची गोगलगाय एकच आहे. तिचे शास्त्रीय नाव इंडोप्लॅनॉर्बिस. चकलीसारखी एका पातळीत वळलेली, तपकिरी, रुपयाच्या नाण्याहून फारशी मोठी नाही. साचलेल्या, गवताळ पाण्यात ती देशभर आढळते. म्हणजे गोगलगाय एक, पाणवठा एक, बैलही एक. तरी नेझल आणि स्पिंडेल यांची गाठ सहसा पडत नाही. कारण एक नाकाच्या शिरांत संसार मांडते आणि दुसरी आतड्याच्या. एकाच्या अंड्यांना बाहेर पडायला शेंबूड, दुसरीच्या अंड्यांना शेण. इंडिकम मात्र स्पिंडेलप्रमाणे आतड्याच्याच शिरांत राहते. त्या दोघींत असा बांध नाही.

आपल्या वऱ्हाडात भावाभावांच्या शेतांमध्ये बांध असतो. बांध शाबूत असेतो राम-राम चालतो. बांध कोरला की कोर्टकचेरी सुरू होते. या जंतांचे तसेच आहे. त्यांना वेगळे ठेवणारी गोष्ट त्यांच्या मनात किंवा निवडीत फारशी नाही. ती जागेत आहे. कोणाची शीर वेगळी, कोणाची गोगलगाय वेगळी, कोणाचे अरण्य वेगळे. हे बांध मोडले म्हणजे काय होते, याचे उत्तम नोंदलेले उदाहरण आपल्या देशातले नसून आफ्रिकेतले आहे. म्हणून आपल्याला थोडा वेळ तिकडे नेतो.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅमेरून देशात लूम नावाचे गाव आहे. पूर्वी तेथे दाट जंगल होते. जंगलाच्या सावलीतल्या ओढ्यांत एका जातीची गोगलगाय होती आणि तिच्या आधाराने माणसांत इंटरकॅलेटम नावाचा शिस्टोसोम नांदत होता. (२००३ पासून त्या भागातल्या या जंताला ग्विनीन्सिस हे वेगळे नाव आहे.) तो आतड्याच्या शिरांत राहतो आणि त्याची अंडी शौचावाटे जातात. पुढे जंगल तुटले, लागवडी वाढल्या, ऊन ओढ्यांपर्यंत पोचले, बाहेरगावची माणसे वस्तीला आली. उघड्या पाण्यात दुसऱ्या जातीची गोगलगाय मानवली, आणि तिच्याबरोबर हिमॅटोबियम हा दुसरा मानवी शिस्टोसोम आला. हा मूत्राशयाच्या शिरांत राहतो. याच्या रोग्याच्या लघवीत रक्त जाते.

१९७६ साली साउथगेट, व्हॅन वाइक आणि राइट या संशोधकांनी लूममधील रोग्यांच्या अंड्यांचे वर्णन छापले. दोन्ही जातींची अंडी तर होतीच; शिवाय दोहोंच्या मधल्या आकाराची अंडी सापडली. संकर झाला होता. पुढच्या वीस वर्षांत चित्र साफ पालटले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा पाहणी झाली तेव्हा मूळचा इंटरकॅलेटम लूममधून जवळजवळ नाहीसा झाला होता आणि त्याच्या जागी हिमॅटोबियम बसला होता.

हे कसे घडले, ते प्रयोगशाळेत पाहिले गेले. लहान प्राण्यांच्या अंगात दोन्ही जाती सोडल्या तेव्हा हिमॅटोबियमचे नर सरस ठरले. ते मोकळ्या माद्या तर घेतच. पण इंटरकॅलेटम नराच्या खोबणीत बसलेली मादीही ओढून घेत. उलट प्रकार क्वचित. परिणाम असा की दुबळ्या जातीचे नर मादीवाचून राहिले, त्यांच्या माद्या संकर अंडी घालू लागल्या, आणि ती संकर प्रजा पुन्हा हिमॅटोबियमशीच जुळत जुळत त्याच्यात विरघळली. पुढेपुढे संकरही दिसेनासा झाला. यात ना कोणी कोणाला मारले, ना कोणी उपाशी राहिले. एक जात गेली ती केवळ तिच्या जोड्या मोडल्यामुळे, आणि तिचे जंगल आधीच गेल्यामुळे.

काही विद्वान निसर्गाचा दाखला देऊन सांगतात की बलवान टिकतो, दुबळा मरतो, हाच सृष्टीचा कायदा. म्हणून बाजारातही तेच असावे. कामगारांच्या सभांत मला हा युक्तिवाद पुष्कळ वेळा ऐकावा लागला आहे. लूमचे उदाहरण नीट पाहिले तर त्याचा फोलपणा दिसतो. हिमॅटोबियमचा नर आदल्या वर्षीही तेवढाच बळकट होता. पण जंगल उभे होते तोवर त्याला लूममध्ये पाय ठेवता आला नाही. लढत कोणत्या मैदानावर व्हायची, हे जंताने ठरवले नाही. ते कुऱ्हाडीने ठरवले. आणि मैदान बदलले की विजेताही बदलतो. ईजिप्तमध्ये नाईल नदीच्या मुखाजवळच्या प्रदेशात पूर्वी हिमॅटोबियमचे प्राबल्य होते. बारमाही कालवे झाले, १९७० साली आस्वानचे मोठे धरण पूर्ण झाले, तेथे दुसऱ्या जातीची गोगलगाय बळावली. आणि हिमॅटोबियम मागे पडून मॅन्सोनी नावाचा आतड्याचा शिस्टोसोम पुढे आला. लूमचा विजेता नाईलकाठी हरला. तेथे निर्णय मुख्यतः गोगलगाईने केला, नराने नव्हे.

आपण विचाराल, कोणता का जंत असेना, माणसाला फरक काय? फरक मोठा आहे. रोग जंताने होतो त्यापेक्षा त्याच्या अंड्यांनी अधिक होतो. अंड्यांपैकी बरीचशी बाहेर न पडता अवयवांत अडकतात आणि त्यांच्याभोवती गाठी धरतात. आतड्याच्या जंताने यकृत बिघडते, मूत्राशयाच्या जंताने मूत्रमार्ग बिघडतो आणि पुढे मूत्राशयाचा कर्करोगही होऊ शकतो. जोडी अदलाबदल झाली तर नर परक्या मादीला आपल्या ठिकाणी घेऊन जातो, आणि शौचात सापडावयाची अंडी लघवीत सापडतात. अंड्यांवरून निदान करणारा तपासनीस अशा वेळी चकतो. जगाचा हिशेब सांगावयाचा तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली पंचवीस कोटींहून अधिक लोकांना या रोगावरच्या प्रतिबंधक उपचाराची गरज होती.

आणखी एक उदाहरण देतो. २०१३ साली फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर काव्हू नदीत पोहलेल्या लोकांना लघवीतून रक्त जाण्याचा हा रोग झाला. युरोपात तो कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. जंतांची तपासणी केली तेव्हा तो शुद्ध हिमॅटोबियम निघाला नाही. त्यात बोव्हिस या गुरांच्या शिस्टोसोमाचा अंश मिसळलेला होता. गोठ्यातला जंत आणि माणसातला जंत यांच्यामधला बांध आपण समजतो तितका उंच नाही, हे त्यावरून जगाला कळले.

आता घरी परत येऊ. हा रोग परदेशचा, आपल्याला काय त्याचे, असे म्हणावयास जागा नाही. १९५२ साली गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी त्या वेळच्या मुंबई राज्यातल्या रत्नागिरी जिल्ह्यात, गिमवी या गावी, लघवीतून रक्त जाणारे रोगी शोधले आणि तेथे हिमॅटोबियमचे स्थानिक केंद्र असल्याचे दाखवून दिले. पुढे फेरिसिया नावाची एक अगदी चिमुकली, टोपीसारख्या शिंपल्याची गोगलगाय त्याला आसरा देते असे दाखवले गेले. म्हणजे मानवी जंत महाराष्ट्राच्या पाण्यात एकदा नांदून गेलेला आहे.

वाशीम जिल्ह्यातली माणसे या मानवी जातींपासून दूर आहेत. आपल्या गुरांतल्या जाती माणसाच्या कातडीत शिरतात खऱ्या, पण तेथेच मरतात. मागे राहते ती खाज. मजुरांच्या पायावरच्या पुटकुळ्यांचे एक कारण म्हणून मी सुरुवातीला जे सांगितले ते हेच. ती खाज म्हणजे वाट चुकलेल्या अळीचे थडगे समजा. जीव जात नाही, परंतु ज्याला रोज गुडघाभर पाण्यात उतरून मजुरी मिळवावयाची आहे त्याची झोप आणि हजेरी दोन्ही जातात. आणि ज्या पाण्यात माणसाला अशी खाज सुटते, तेथे बैलही बहुधा आजारी असतो. मजुराचे गाऱ्हाणे आणि शेतकऱ्याच्या बैलाचे घोरणे ही एकाच तळ्याची दोन तोंडे आहेत.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट, बैल जागेपणी घोरू लागला, नाकातून घट्ट शेंबूड येऊ लागला, किंवा ढोर हगवण लागून खंगू लागले, तर सर्दी-पडसे म्हणून सोडू नये. ढोरांच्या दवाखान्यात शेण आणि नाकातला शेंबूड तपासून घ्यावा. स्पिंडेलचे अंडे चातीसारखे लांबट, नेझलचे वाकडे, इंडिकमचे अंडाकृती. सूक्ष्मदर्शकाखाली ओळखावयास कठीण नाही. दुसरी गोष्ट, ढोरांना पाणी पाजण्यासाठी काठावर हौद असावा. ढोरे तळ्यात उतरली नाहीत तर शेण पाण्यात पडत नाही आणि कातडीही अळीला सापडत नाही. दोन्ही बाजूंनी साखळी तुटते. तिसरी, तळ्याकाठचे आणि चारीतले गवत-शेवाळ वेळच्या वेळी काढावे, कारण गोगलगाईचे घर ते आहे. बदके असतील तर तीही गोगलगाई खातात. पण हे गवत काढणारा मजूर उघड्या पायाने पाण्यात उतरत असेल तर आपण रोग्याकडूनच रोग उपसून घेत आहो. त्याला गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट मिळाले पाहिजेत, आणि ते कामाच्या दरात धरलेले असले पाहिजेत, मेहेरबानी म्हणून नव्हे. बूट नसतील तर निदान बाहेर येताच पाय खसखसून कोरडे करावेत; काही अळ्या तेवढ्याने निघून जातात.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नवे धरण, नवा कालवा, नवे शेततळे होते तेव्हा आपण पाणी किती आणि ओलित किती याचा हिशेब करतो. तो केलाच पाहिजे; कोरडवाहू वऱ्हाडाला पाण्याची किंमत कोणी शिकवावयास नको. पण त्याच कागदावर आणखी एक रकाना असावा: या पाण्यात कोणती गोगलगाय येईल, कोणती ढोरे उतरतील, कोण माणसे कामाला उभी राहतील. लूममध्ये आणि नाईलकाठी हा रकाना मागाहून भरावा लागला. आपल्याकडे तो आधी भरता येईल. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही; गावचा पशुवैद्य, शाळेचा विज्ञानशिक्षक आणि पाण्यात उतरणारा मजूर, या तिघांनी मिळून वर्षातून दोनदा तळ्याच्या काठाने फेरी मारली आणि काय दिसले ते वहीत लिहून ठेवले, तरी सुरुवात होईल. आपल्यापैकी कोणी असा उपक्रम हाती घेतला, तर आमच्या संघटनेची माणसे त्याच्याबरोबर येतील, एवढे आश्वासन देऊन मी आपली रजा घेतो.